दस्त्याक रंग खयचो लावूचो?

"ह्येका रंग खयचो टिकतलो?"

तोंडवलीतल्या एका घराच्या खळ्यात हा प्रश्न माझ्यापुढे आला, तेव्हा डिसेंबरची सकाळ होती. तोंडवलीहून तळाशीलकडे जाणारी जमीन म्हणजे वाळूची एक चिंचोळी पट्टी. एका अंगाला सुरूचं बन आणि अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कालावलची खाडी. खळ्यातल्या बाकड्यावर ठासणीची बंदूक आडवी ठेवलेली होती. परवाना शेतीसंरक्षणाचा, आजोबांच्या काळापासून चालत आलेला. खिडक्या रंगवून उरलेला तपकिरी ऑइल पेंट घरातल्या थोरल्यांनी मागच्या उन्हाळ्यात दस्त्यालाही फासला होता. मध्ये एक पावसाळा गेला आणि नखाने ओढला तरी रंगाचा पापुद्रा निघायला लागला.

"दुकानदार म्हणता पी.यू. लाव. पुतणो म्हणता गाडयेचो स्प्रे मार. माका वाटता, नारळाचा त्याल बरा," ते म्हणाले.

तिघांपैकी एकाचं अगदीच चुकलेलं होतं, आणि तो पुतण्या नव्हता. पण हे त्यांना पटवायचं तर सुरुवात रंगापासून करून चालणार नव्हतं. सुरुवात लाकडापासून करावी लागली. या प्रकरणातही तोच क्रम ठेवला आहे.

दस्ता म्हणजे बंदुकीचा लाकडी भाग, जो खांद्याला टेकतो आणि ज्यावर गाल ठेवून नेम धरतात. ठासणीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते आणि रायफलच्या नळीत गोळीला फिरकी देणारे पिळाचे खाचे असतात. नळीतला हा फरक लाकडाला कळत नाही. त्यामुळे पुढचं सगळं रायफलला, ठासणीला आणि छर्र्याच्या बंदुकीलाही सारखंच लागू आहे.

आधी बंदूक, मग रंग

ठासणीची बंदूक भरलेली आहे की नाही, हे नुसतं बघून कळत नाही. दारू आणि छर्रे तोंडाकडून ठासलेले असतात आणि वर्षभरापूर्वीचा बार आत तसाच असू शकतो. म्हणून केप काढून ठेवायची, बंदुकीचं तोंड माणसांपासून दूर धरायचं, गज अलगद आत सोडायचा आणि नळीच्या तोंडाशी गजावर खूण करायची. मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून बघायचा. खूण सांगते त्यापेक्षा नळी बरीच लांब भरली, तर आत काहीतरी आहे. तसं असेल तर पुढचं काम परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याचं, आपलं नव्हे.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीवरचा क्रमांक किंवा खूण खोडणं, बदलणं हा गुन्हा आहे. ब्रशाच्या फटकाऱ्यात क्रमांक रंगाखाली गेला, तर परवाना तपासणीच्या दिवशी ते समजावत बसावं लागेल. रंग लाकडालाच, लोखंडाला नाही. गावातल्या सुताराकडून दस्ता घासून घ्यायचा असेल तर सुटा केलेला दस्ता तेवढाच न्यावा. अख्खी बंदूक त्याच्याकडे सोडून येता येत नाही.

लाकूड सादळतं

जून उजाडला की डब्यातले पापड सादळतात. पापडावर कुणी पाणी ओतलेलं नसतं. हवेतली वाफ तो स्वतःच ओढून घेतो, आणि उन्हात ठेवला की पुन्हा कडक होतो. लाकडाचं हेच असतं, फक्त दिवसांऐवजी आठवड्यांच्या गतीनं.

हवेत आर्द्रता जितकी, त्या प्रमाणात लाकडात पाणी येऊन थांबतं. आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या आसपास असेल, तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या ११-१२ टक्के पाणी असतं. आर्द्रता नव्वदला गेली आणि बरेच दिवस तिथंच राहिली, तर हा आकडा १९-२० पर्यंत चढतो. मालवणच्या किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये हवा अशीच असते. दस्ता घरात असतो, वर काहीतरी लेप असतो, म्हणून आपण गणितासाठी १२ वरून १८ टक्के धरू.

पाणी शिरलं की लाकूड फुगतं. लांबीत जवळजवळ नाही, पण रुंदीत बऱ्यापैकी. अक्रोडाचं लाकूड घ्या. चांगल्या दस्त्यांसाठी जगभर त्याला मान आहे आणि आपल्याकडे ते काश्मीरहून येतं. ओलावा १ टक्क्यानं वाढला की ते रुंदीत साधारण पाव टक्का फुगतं. दस्त्याची जाडी ५० मिलिमीटर, ओलाव्यातली वाढ ६ टक्के. म्हणजे ६ गुणिले पाव, दीड टक्का. ५० चा दीड टक्का म्हणजे पाऊण मिलिमीटर.

पाऊण मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं. पण रंगाचा एक वाळलेला हात जेमतेम ०.०३ मिलिमीटर जाड असतो, केसाच्या निम्मा. एवढ्याशा पापुद्र्याला खालच्या लाकडाबरोबर दर पावसाळ्यात ताणायचं आणि दर उन्हाळ्यात आक्रसायचं असतं. ताजा ऑइल पेंट ते करतो. पण तो हवेतला प्राणवायू घेऊन वाळत असतो, आणि हे वाळणं डबा संपल्यावर थांबत नाही. दोन-तीन वर्षांत तो पुरेसा ठिसूळ होतो. मग भेग पडते, भेगेतून पाणी आत जातं, आतलं लाकूड फुगतं आणि रंग खालून ढकलला जातो. खळ्यातल्या दस्त्यावर तर हे एकाच पावसाळ्यात घडलं होतं. कारण तिथं आणखी एक गडी कामाला लागला होता.

मिठाची करामत

स्वयंपाकघरातल्या बरणीत मिठाला पाणी सुटतं ते का? मीठ हवेतली वाफ ओढतं, आणि आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की त्या वाफेत स्वतःच विरघळायला लागतं. तोंडवलीत समुद्राचा वारा घरात येतो तो मिठाचे बारीक कण घेऊनच. ते कौलांवर, खिडकीच्या गजांवर बसतात तसे दस्त्यावरही बसतात. हाताच्या घामातून आणखी थोडं मीठ मिळतं.

आता या मिठावर कुणी रंगाचा हात मारला, तर मीठ रंगाखाली कोंडलं जातं. रंगाचा पापुद्रा पाण्याची वाफ पूर्ण अडवत नाही, हळूहळू आत सोडतो. पावसाळ्यात खालचं मीठ ती वाफ ओढून घेतं, त्याचा खारा थेंब होतो, तो थेंब आणखी पाणी खेचतो आणि रंगाला फोड येतो. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, त्यामागचं तत्त्व हेच. होड्यांच्या बुडाला रंगकामानंतर येणारे फोड पुष्कळदा याच जातीचे असतात.

उपाय अगदी साधा आणि म्हणूनच कुणी करत नाही. रंगाआधी विहिरीच्या गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्यानं दस्ता दोन-तीनदा पुसायचा, दर वेळी फडकं नव्या पाण्यात खळबळायचं, आणि मग दोन दिवस सावलीत वाळवायचा. ठासणीच्या बंदुकीला हे दुप्पट लागू. काळी दारू जळल्यावर जी राख उरते ती पाणी ओढते, लोखंड खाते, आणि ती काढायला पाणीच लागतं. नळी धुताना ते पाणी नळीखालच्या लाकडी खोबणीत उतरतं. दस्ता सडतो तो बहुधा तिथून, नजरेआडून.

वाळणं दोन तऱ्हेचं

आता थोरल्यांच्या नारळाच्या तेलाकडे येऊ.

दोरीवरचं धोतर वाळतं म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं. धोतर आधी होतं तेच राहतं, भिजवलं की पुन्हा ओलं. अंडं उकडल्यावर घट्ट होतं ते मात्र वेगळं: आतला पदार्थच बदलतो आणि पुन्हा पातळ होत नाही. लाखेचं पॉलिश आणि साधा ॲक्रिलिक स्प्रे धोतरासारखे वाळतात. त्यातला पातळ द्रव उडाला की झालं, आणि तोच द्रव पुन्हा लागला की ते विरघळतात. जवसाचं तेल, ऑइल पेंट आणि दोन डब्यांचं पी.यू. (पॉलियुरेथेन) अंड्यासारखे वाळतात.

सगळी तेलं अशी घट्ट होत नाहीत. तेलाच्या रेणूंना एकमेकांचे हात धरायला जागा लागतात. त्या जागा किती, हे मोजायला रसायनशास्त्रात आयोडीन वापरतात: १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन धरून ठेवतं, तो त्या तेलाचा आकडा. खोबरेलाचा आकडा जेमतेम ७ ते १०. शेंगदाण्याच्या तेलाचा नव्वदच्या आसपास. जवसाचा १७० च्याही वर. साधारण १३० च्या पुढचं तेल हवेत ठेवलं की त्याचा चिवट पापुद्रा होतो. खोबरेल शंभर वर्षं ठेवलं तरी होणार नाही. ते लाकडावर चमकतं, धूळ धरतं, आणि पुढं त्यावर कुठलाच रंग बसू देत नाही. मालवणात खोबरेल घरचं असतं, हात सहज तिकडे जातो, हे मान्य. पण ते केसांना ठीक.

जवसाची मात्र आपल्या बऱ्याच जणांशी जुनी ओळख आहे. नवी क्रिकेटची बॅट आणली की तिला तेल पाजायचं, ते हेच. विदर्भात जवसाची चटणी खातात, तिथल्या बियांतूनच ते निघतं. ब्रिटिश आमदनीत .३०३ रायफलच्या दस्त्यांना जवसाचं तेल पाजलेलं असे आणि सैनिक पुढं वर्षानुवर्षं ते हाताने चोळत राहत. सिंधुदुर्गातल्या फौजी घरांतल्या म्हाताऱ्यांना हा सल्ला तोंडपाठ असतो. सल्ला चांगला आहे, पण अर्धा. नुसतं कच्चं जवसाचं तेल दमट हवेत आठवडा-आठवडा चिकट राहतं, आणि बुरशीला ते खाद्य म्हणून आवडतं. कोकणात अशा दस्त्यावर पहिल्याच श्रावणात काळे ठिपके येतात. शिवाय तेल थेंब अडवतं, वाफ फारशी अडवत नाही. म्हणजे सादळणं जवळपास होतं तेवढंच राहतं.

हार्डवेअरच्या दुकानात 'डबल बॉइल्ड लिनसीड' म्हणून डबा मिळतो, तो बरा. त्यात वाळण्याला वेग देणारे धातूंचे क्षार घातलेले असतात, त्यामुळे पातळ हात एक-दोन दिवसांत वाळतो.

दुकानातले डबे

डब्यावर काहीही छापलेलं असो, आत तीनच गोष्टी असतात. रंग देणारी पूड, ती धरून ठेवणारा चिकटा, आणि दोन्ही पातळ करणारा द्रव. पूड नसेल तर त्याला वॉर्निश म्हणायचं. टिकणं-न टिकणं सगळं चिकट्यावर.

ऑइल पेंटचं आपण पाहिलं. खिडकीला तो चालतो, कारण दर दोन-तीन वर्षांनी खरवडून पुन्हा मारायची आपली तयारी असते.

लाखेचं पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा. लाख एका किड्याची, पळस-बोरी-कुसुमावर पोसलेल्या. सावंतवाडीच्या गंजिफाचे गोल पत्ते चिंचोक्याच्या खळीनं घट्ट केलेले असतात आणि वर लाखेचा हात असतो, म्हणून हाताळूनही त्यांची चित्रं टिकतात. लाखेचा एक गुण फारसा कुणाला माहीत नसतो: हवेतली वाफ अडवण्यात ती पुष्कळ महागड्या वॉर्निशांना हरवते. पण प्रत्यक्ष पाणी साचलं की ती पांढरी पडते, उन्हात तापलेल्या गाडीत मऊ होते, आणि स्पिरिटच्या एका थेंबानं विरघळते. गंजिफा कपाटात राहतो, बंदूक रानात जाते. लाख दस्त्यावर शेवटचा हात म्हणून नको. तळाशी, तेलकट डाग झाकायला पहिला पातळ हात म्हणून मात्र उत्तम.

मोटारीच्या गॅरेजात ज्याला अजूनही 'ड्युको' म्हणतात ते नाव अमेरिकेच्या ड्युपाँट कंपनीनं १९२० च्या दशकात काढलेल्या रंगाचं. कापसासारख्या तंतूंवर नायट्रिक ॲसिडची क्रिया करून केलेला चिकटा, काही मिनिटांत वाळणारा. त्याआधी मोटार रंगवायला आठवडे लागत. लोखंडावर झकास, लाकडावर कडक आणि ठिसूळ. दमट दिवशी मारला तर द्रव झपाट्यानं उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि रंग दुधासारखा पांढुरका होतो. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसाच प्रकार. पॉलिशवाले याला नुसतं 'पांढरं पडलं' म्हणतात आणि पावसाळ्यात असली कामं घेत नाहीत.

दोन डब्यांचं पी.यू. हे आजच्या बाजारातलं सगळ्यात दणकट. एका डब्यात चिकटा, दुसऱ्यात त्याला घट्ट करणारं हार्डनर. एकत्र केले की काही तासांत वापरून संपवावं लागतं. घासणं, पाणी, स्पिरिट, डासांचं मलम, सगळ्याला ते पुरून उरतं. (डासांच्या कित्येक मलमांत डीट नावाचं रसायन असतं, ते लाख आणि स्प्रेचा रंग मऊ करतं. रात्री रानात बसणाऱ्याच्या हातांना ते लागलेलं असणारच.) बाहेरच्या कामासाठीचं, उन्हात पिवळं न पडणारं पी.यू. मागून घ्यायचं. दोन तक्रारी मात्र आहेत. पहिली, हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो, आणि नाकावरचा रुमाल त्याला अडवत नाही. त्याचा स्प्रे घरात मारू नये. दुसरी तक्रार मला जास्त महत्त्वाची वाटते: ते बिघडलं की घरी दुरुस्त होत नाही. एका ठिकाणी खरचटलं की तेवढाच डाग पुसून बसवता येत नाही, सगळा थर घासून काढावा लागतो.

आता होडीवाल्यांचा जुना उपाय. काजूच्या टरफलाचं तेल कोकण-गोव्यात होड्यांना आणि जाळ्यांना चोपडायची रीत होती. ते काळं, दाट, चिकट असतं, किडा त्याच्या वाटेला जात नाही आणि आजही रंगांच्या आणि गाड्यांच्या ब्रेक लायनिंगच्या कारखान्यांत त्यापासून चिकटा बनवतात. मग दस्त्याला का नको? काजू भाजताना ज्यांचे हात उतले आहेत त्यांना विचारा. ते तेल कातडीला फोड आणतं, आणि दस्त्याला आपण गाल टेकतो.

उसाचं कांडं

ऊस उभा धरून त्याच्या सालीवर पाणी टाकलं तर ओघळून जातं. तोच ऊस तोडून कापलेलं टोक पाण्यात ठेवा, पाणी आत चढतं. लाकूड म्हणजे लांबीच्या दिशेनं जोडलेल्या अशाच नळ्या. बाजूनं पाणी जेवढं शिरतं, त्याच्या कितीतरी पट कापलेल्या टोकातून शिरतं.

दस्त्याला कापलेली टोकं कुठं असतात? खांद्याला लागणाऱ्या पाटीखाली. पुढच्या निमुळत्या टोकाला. चाप आणि घोड्याच्या यंत्रासाठी कोरलेल्या खोबणीत. नळीखालच्या पन्हाळीत. प्रत्येक स्क्रूच्या भोकात. या पाच जागांपैकी चार बंदूक जोडलेली असताना दिसतच नाहीत, आणि त्यामुळे त्या चारांना कुणीही काही लावत नाही. वरची दिसणारी बाजू मात्र आरशासारखी चकचकीत करतात. मग ती बंदूक माजघराच्या कोपऱ्यात उभी राहते, दस्त्याचा तळ सारवलेल्या जमिनीला टेकून, आणि जमिनीतली ओल सावकाश वर चढते. खळ्यातल्या त्या दस्त्याचा रंग सगळ्यात जास्त सुटला होता तो तळापासून चार बोटं उंचीपर्यंत. वर जवळजवळ शाबूत होता. दोष रंगाचा कमी आणि न रंगवलेल्या तळाचा जास्त.

माझ्या मते दस्त्याच्या टिकाऊपणाचा निम्म्याहून जास्त हिशेब इथेच संपतो. कुठला डबा, हा प्रश्न त्यानंतरचा.

माझी निवड आणि काम

तोंडवलीसारख्या ठिकाणी, लाकडी दस्त्याला, घरच्या घरी करायचं तर मी तीन गोष्टींचं मिश्रण घेतो: एक भाग डबल बॉइल्ड लिनसीड, एक भाग एका डब्याचं बाहेरच्या कामाचं वॉर्निश, एक भाग टर्पेंटाइन. टर्पेंटाइन मिश्रण आत खोल नेतं आणि उडून जातं, तेल लवचिकपणा देतं, वॉर्निश पाणी अडवतं. वर जाड पापुद्रा उरत नाही, म्हणून सुटायलाही काही नसतं. दोन डब्यांचं पी.यू. यात घालू नये, ते तेलाशी नांदत नाही.

किती लागेल? दस्त्याची लांबी ७५ सेंटिमीटर, घेर सरासरी १४ धरला तर पृष्ठभाग १,०५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका चौरस मीटरचा दहावा हिस्सा. ओला हात ०.०७५ मिलिमीटर जाडीचा धरला, तर एका हाताला साडेसात मिलिलिटर लागतं. दीड चहाचा चमचा! टोकांना जास्त पाजायचं आणि पाच-सहा हात द्यायचे धरले तरी शंभर मिलिलिटरमध्ये काम होतं. दुकानदार लिटरचा डबा पुढं करतो, त्याला नमस्कार करावा.

मुहूर्त दिवाळी ते शिमगा. त्यातही डिसेंबर ते फेब्रुवारीतली दुपार उत्तम, जेव्हा हवा सगळ्यात कोरडी असते आणि लाकूड आक्रसलेलं असतं.

जुना रंग कोरडा घासू नये. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ मुलांच्या पोटात जाते. पेंट रिमूव्हर लावून मऊ करावा आणि सुतार वापरतात तशा काचेच्या तुकड्यानं हलक्या हातानं खरवडावा. निघालेलं सगळं कागदात गुंडाळून टाकावं.

दस्ता बंदुकीच्या तेलानं काळा पडला असेल तर खडूची पूड थिनरमध्ये कालवून तिचा लेप द्यावा. थिनर तेल विरघळवतो, पूड ते शोषून घेते. लेप वाळला की झटकून पुन्हा द्यावा, डाग फिका पडेपर्यंत. हे खुल्या हवेत, चुलीपासून लांब. पोचा पडलेल्या जागी ओलं फडकं ठेवून त्यावर गरम इस्त्री काही सेकंद टेकवली की दबलेल्या नळ्या वाफेनं फुगून जवळजवळ पूर्वपदावर येतात. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला जादू वाटते. लाकूड तुटलेलं असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही.

मग पॉलिश पेपर. १२० नंबर, १८०, २२०, नेहमी रेषांच्या दिशेनं. २२० नंतर दस्ता ओल्या फडक्यानं पुसायचा. लाकडाचे तंतू मिशीसारखे उभे राहतात. वाळल्यावर ३२० नं ते छाटायचे. मिठासाठी गोड्या पाण्यानं पुसायचं ते हेच, एका कामात दोन कामं.

पहिला हात फक्त टोकांना, खोबण्यांना आणि भोकांना. ब्रशानं भरपूर पाजायचं. पंधरा मिनिटांनी कोरडं दिसलं की पुन्हा. लाकूड पिणं थांबवेपर्यंत. मग सगळ्या दस्त्याला फडक्यानं लावायचं, वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून घ्यायचं. अगदी सगळं, नाहीतर ते चिकट राहतं. एक-दोन दिवस थांबून पुढचा हात. चौथ्या हातापासून हलकी चमक येते. पाचव्या-सहाव्यानंतर तीन आठवडे बंदूक जोडू नये, नाहीतर लोखंड वॉर्निशला चिकटून बसतं.

तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ही सूचना मी मोठ्या अक्षरांत छापायला सांगणार होतो. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. पसरलेल्या फडक्यात ती उडून जाते, बोळ्यात कोंडते आणि काडी न लावता फडकं पेटतं. फडकी दोरीवर एकेक पसरून वाळवावीत, किंवा पाण्याच्या बादलीत टाकावीत.

दरवर्षी दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी बंदूक बाहेर निघतेच. त्या दिवशी दस्त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघावा. मण्यासारखा उभा राहिला तर ठीक. पसरला, तर दिवाळीनंतर फडक्यानं एक हात द्यावा. खरवडणं नाही, घासणं जवळपास नाही. पी.यू. ऐवजी मी हे मिश्रण निवडतो त्याचं खरं कारण हेच आहे.

पुतण्याचा स्प्रे

पुतण्याकडे छर्र्याची बंदूक होती, काळ्या प्लॅस्टिकच्या दस्त्याची. त्याच्यासाठी गाडीचा स्प्रे बरोबरच होता. प्लॅस्टिक सादळत नाही, म्हणून तिथं प्रश्न एकच: रंग धरेल का?

तेलाचा प्लॅस्टिकचा डबा कितीही धुतला तरी ओशट लागतो आणि त्यावर पाणी गोळा होऊन राहतं. ज्यावर पाणी पसरत नाही त्यावर रंगही पसरत नाही. म्हणून भांड्याच्या साबणानं दोनदा धुणं, ३२० नंबरनं चमक जाईपर्यंत घासणं, मग गाड्यांच्या बंपरसाठी मिळणारा प्लॅस्टिक प्रायमर आणि त्यावर पातळ-पातळ तीन हात. चकचकीत रंग घेऊ नये, ऊन त्यावरून डोळ्यांत येतं. 'मॅट' रंगात पृष्ठभाग खडबडीत करणारी सिलिकाची बारीक पूड असते, ती उजेड विखुरते. आणि आठवडाभर हात लावू नये. स्पर्शाला कोरडा झालेला रंग आतून कच्चाच असतो. जास्त टिकायला हवं असेल तर सुटा दस्ता बंपर रंगवणाऱ्याकडे द्यावा. तो लवचिक पी.यू. मारतो, त्याच्याकडे त्यासाठीचा मुखवटा आणि मोकळी जागा असते.

पाच पट्ट्या

थोरल्यांना माझं बोलणं पटलं असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं नाही. म्हणून आम्ही फणसाच्या एकाच फळीच्या पाच पट्ट्या कापल्या. एकीला ऑइल पेंट, एकीला लाख, एकीला पी.यू., एकीला आमचं मिश्रण, आणि त्यांच्या आग्रहाखातर पाचवीला खोबरेल. प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलीनं तारीख घातली, आणि समुद्राच्या बाजूला पडवीच्या खांबाला पाचही पट्ट्या सुतळीनं टांगून दिल्या. निकाल दसऱ्याला पाहायचा, असं ठरलं.

पाचवीचा निकाल तिसऱ्याच दिवशी लागला. खांबाच्या पायथ्यापासून तिच्यापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती, आणि बाकीच्या चौघींकडे एकही मुंगी वळत नव्हती.